काळ्या घोड्याला किती फूट? बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कारेलीबागेत राहते. माहेर दांडिया बाजारातलं. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ऑगस्ट २०२४च्या पुरानंतर सोसायटीत, भगिनी मंडळात, लग्नकार्यात जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते उत्तरांसकट इथे लिहिते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

मोबाइलवर येतं, "काळ्या घोड्याला ३० फूट". माझ्या घराच्या हिशेबाने त्याचा अर्थ काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही हाच आहे. कमाटी बागेसमोर सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तो आपला काळा घोडा. त्याच्याजवळच्या पुलावर शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीची पातळी मोजतात. धोक्याची पातळी २५-२६ फूट धरली जाते. २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं होतं.

पण हा आकडा पुलाचा आहे, तुमच्या उंबरठ्याचा नाही. समा, फत्तेगंज, अकोटा, मुजमहुडा, वडसर, प्रत्येक ठिकाणी त्याच ३० फुटांचा अर्थ वेगळा. एकाच गल्लीत दोन घरांत तीन फुटांचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक इमारतीने आपला तक्ता आपणच करायचा असतो.

माझी मावशी सांगलीला असते. तिकडे पावसाळ्यात माणसं एकमेकांना "जेवलात का" विचारण्याआधी "आयर्विनला किती?" विचारतात. आयर्विन पुलावर ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३ हे आकडे पोरासोरांना पाठ असतात. २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं. त्या पुरानंतर मावशीने जिन्याच्या भिंतीवर चुन्याने रेघ ओढली आणि शेजारी आकडा लिहिला. आता पुलाचा आकडा कळला की ती धान्याचे डबे कोणत्या फळीवर चढवायचे ते ठरवते. मी तिच्याकडूनच हे शिकले.

आमच्या इमारतीचा तक्ता असा आहे: काळ्या घोड्याला २९ झाले की मागच्या गल्लीतल्या ड्रेनेजच्या झाकणातून बुडबुडे येऊ लागतात. ३१ला पाणी फाटकाशी. ३३ला तिसरी पायरी. त्याच्यावर गेलं की मीटरची पेटी. हे आकडे फक्त आमचे आहेत, तुम्ही वापरू नका. तुमचे तुम्ही काढा.

पाऊस थांबल्यावरही पाणी का चढतं?

कारण ते पाणी आपल्या गावात पडलेलं नसतं. विश्वामित्री पावागढच्या डोंगरातून येते. वर आजवा आणि प्रतापपुरा हे तलाव आहेत, वाटेत सूर्या नदी येऊन मिळते. तिकडचा पाऊस उतरून शहरात पोहोचायला काही तास लागतात. बडोद्यात ऊन पडलेलं असतं, लोक दूध आणायला निघतात, आणि नदी चढत असते. २०२४ मध्ये मी स्वतः हे पाहिलं. आभाळ मोकळं झालं म्हणून तळमजल्यावरच्या आजोबांचा पलंग वर चढवायचा बेत आम्ही "उद्या बघू" म्हणून टाकला. रात्री अकराला चौघांनी मिळून त्यांना खुर्चीसकट उचलून वर आणलं. ऑक्सिजनचं यंत्र मी पोटाशी धरलं होतं आणि जिन्यात पाणी घोट्याला लागत होतं. तो "उद्या" मला अजून टोचतो.

दुसरं कारण खालच्या बाजूला आहे. विश्वामित्री पुढे ढाढरला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखाताकडे जातं. ढाढरही भरलेली असली की आपलं पाणी पुढे सरकत नाही, शहरातच तुंबून राहतं. तेव्हा "पाऊस थांबला का" एवढंच विचारून भागत नाही. "पावागढला काय चाललंय, आजवा किती, ढाढर कशी आहे" हेही विचारायचं.

आजव्याचं पाणी मुद्दाम सोडतात का?

रागाने विचारला जाणारा प्रश्न आहे आणि राग मी समजू शकते. आजवा सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९०च्या आसपास, शहराला प्यायचं पाणी मिळावं म्हणून बांधला गेला. आजही शहराचा एक भाग ते पाणी पितो. तलाव भरून ठेवला तर उन्हाळा निभतो, पण पुराच्या वेळी नवं पाणी सामावायला जागा उरत नाही. रिकामा ठेवला आणि पाऊस दगा देऊन गेला, तर मे महिन्यात टँकर. छप्पनचा दुष्काळ, म्हणजे १८९९-१९००चा, आमच्या पणजीच्या तोंडून आजीने आणि आजीच्या तोंडून मी ऐकला आहे. त्यामुळे पाणी साठवणाऱ्याला मी सरसकट दोष देत नाही.

पण पातळी किती ठेवायची, कधी आणि किती पाणी सोडायचं, हे लोकांना आधी आणि स्पष्ट कळलं पाहिजे, यावर माझं मत ठाम आहे. वरच्याने दार उघडलं तर खालच्याला हाक मारायची, हा साधा शेजारधर्म आहे. सुरतेने २००६ मध्ये तापीच्या पुरात बहुतेक शहर पाण्यात पाहिलं, आणि तापीवरच्या उकाई धरणातून सोडलेलं पाणी व शहराला मिळणारी सूचना यांची सांगड घालण्यावर त्यानंतर तिथे खूप काम झालं. कृष्णेवर अलमट्टीचा विसर्ग हा महाराष्ट्र आणि कर्नाटकातला दर पावसाळ्याचा विषय आहे. सांगलीकरांना कर्नाटकातल्या धरणाचा आकडा रोज माहीत असतो. आपल्याला आपल्याच जिल्ह्यातल्या तलावाचा माहीत असायला काहीच हरकत नाही.

एवढा पूर पूर्वी यायचा का, की सगळं आत्ताचंच?

यायचा. जुलै १९२७ मध्ये गुजरातभर मोठा पूर आला होता आणि जुन्या घरांत त्याच्या आठवणी होत्या. पण दोन गोष्टी बदलल्या आहेत. एक, पाऊस थोड्या वेळात खूप पडतो. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत २०४.५ मिलिमीटरच्या पलीकडे गेलं की "अत्यंत जोरदार". म्हणजे त्याच्याही दुप्पट. शंभर चौरस मीटरची गच्ची असेल तर तिच्यावर त्या दिवशी पन्नास हजार लिटर पाणी पडलं. तुमच्या गच्चीचं पाणी कुठे जातं, हे कधी पाहिलंय का?

दुसरी गोष्ट, पाणी जायच्या जागा. नदीकाठच्या घळी, ज्यांना इथे सगळे कोतर म्हणतात, आणि पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या कांस: भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस. शाळेत मी मुलांना ही नावं फळ्यावर लिहून द्यायचे, कारण पुस्तकात नव्हती. कोतरांत भराव पडले, कांस अरुंद झाल्या, काही झाकल्या गेल्या. २०२५च्या पावसाळ्याआधी विश्वामित्रीचं पात्र खोल आणि रुंद करण्याचं मोठं काम झालं. त्याचा उपयोग होईल, पण कांस मोकळ्या नसतील तर पाणी नदीपर्यंत पोहोचणार कसं?

मगर दारात आली तर?

जवळ जायचं नाही, दगड मारायचा नाही, फोटोसाठी थांबायचं नाही. वनखात्याला किंवा प्राणी वाचवणाऱ्या स्वयंसेवकांना कळवायचं. फेब्रुवारी २०२५च्या मोजणीत विश्वामित्रीच्या परिसरात ४४२ मगरी आढळल्या. भर वस्तीतल्या नदीत एवढ्या मगरी असणं ही विरळ गोष्ट आहे, आणि मला त्याचं कौतुक वाटतं. पुरात ती आपल्या घरी येत नाही, पाण्याबरोबर वाहून येते आणि घाबरलेली असते. पाणी ओसरल्यावर पार्किंगमध्ये, गाड्यांखाली, बागेतल्या झुडपांत आधी काठीने आवाज करून मगच जा. सापांचंही तेच.

हे सगळं बडोद्याचं झालं. यात शेजारच्या देशांचा काय संबंध?

सरळ संबंध आहे. २०२४ मध्ये ज्या पावसाने आपल्याला बुडवलं, तो जमिनीवरून सरकत आलेल्या तीव्र कमी दाबाच्या पट्ट्याचा होता. तो कच्छकडे गेला, अरबी समुद्रात उतरला आणि ३० ऑगस्टला त्याचं चक्रीवादळ झालं. नाव मिळालं "असना". हे नाव पाकिस्तानने सुचवलेलं. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांना नावं देण्याची पद्धत २००४ पासून सुरू झाली. आता भारत, बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, ओमान, इराण वगैरे १३ देशांची प्रत्येकी १३, अशी १६९ नावांची यादी आहे आणि त्यातून नाव जाहीर करतं दिल्लीचं आपलं हवामान खातं. २०२३च्या जूनमध्ये कच्छच्या किनाऱ्यावर आलेल्या "बिपरजॉय"चं नाव बांगलादेशचं होतं. वादळ सीमा पाहत नाही, तेव्हा त्याची खबरही सीमेवर अडून चालणार नाही.

आणि हे लांबचं नाही. दक्षिण आशियातल्या आठ देशांच्या सार्क संघटनेचं आपत्ती व्यवस्थापन केंद्र २००६ मध्ये दिल्लीत सुरू झालं. २०१६ पासून ते गांधीनगरला, गुजरात आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या आवारात आहे. नेपाळ, भूतान, मालदीव, श्रीलंका इथल्या अधिकाऱ्यांनी एकमेकांकडून शिकावं म्हणून जे केंद्र आहे, ते आपल्यापासून अडीच तासांवर. गुजरातला हे काम मिळण्यामागे इतिहास आहे. २६ जानेवारी २००१च्या भूकंपानंतर इथे राज्याचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण झालं, २००३ मध्ये राज्याने स्वतःचा कायदा केला, आणि देशाचा कायदा त्यानंतर २००५ मध्ये आला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी बटालियन तर आपल्या जिल्ह्यातच, जरोदला आहे.

मग शेजाऱ्यांकडून नेमकं काय उचलायचं?

मी तीन गोष्टी सांगते. तिन्ही स्वस्त आहेत.

पहिली बांगलादेशची. १९७०च्या भोला चक्रीवादळात तिथे तीन ते पाच लाख माणसं गेली. त्यानंतर त्यांनी गावागावांत स्वयंसेवक उभे केले. आज ती संख्या ७६ हजारांच्या आसपास आहे. इशारा आला की ते झेंडे लावतात: एक, दोन, तीन. सायकलवरून भोंगा घेऊन फिरतात. निरक्षर माणसालाही झेंडे मोजता येतात. पण यातली खरी शिकवण पुढे आहे. १९९१च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं दगावली आणि त्यांत बायकांचं प्रमाण फार मोठं होतं. इशारा बाजारात, पुरुषांच्या कानांवर पडत होता. घरातली बाई मुलांना घेऊन, नवऱ्याची वाट पाहत थांबली. आज त्या स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. ती घरात शिरते आणि सांगते, "चल."

आपल्याकडे बघा. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात किती घरांतून फक्त पुरुषाचा नंबर आहे? आमच्या गटात अठ्ठावीसपैकी एकवीस घरांतून होता. पुराच्या दिवशी ते ऑफिसात, रस्त्यात अडकलेले. घरात सासूबाई, सून आणि बाळ. आता प्रत्येक घरातून, दिवसभर घरी असणाऱ्या माणसाचा नंबर गटात घ्यायचाच, असा नियम आम्ही केला आहे. कामाला येणाऱ्या ताईंचाही. त्यांची घरं बहुधा नदीला आपल्यापेक्षा जवळ असतात.

दुसरी नेपाळची. तिथे कर्णालीसारख्या नद्यांवर, वरच्या बाजूला, चिसापानीला पाणी मोजणारा माणूस खालच्या गावांना फोन करायचा. आता यंत्रं बसली आहेत, संदेश आपोआप जातात, पण मूळ कल्पना तीच: वरच्याने खालच्याला सांगायचं. दोन-तीन तास मिळतात. दोन तासांत गाय सोडता येते, म्हातारं माणूस हलवता येतं, कागदपत्रं उचलता येतात. पुलाचा आकडा रोज न चुकता बघणारा एक माणूस तुमच्या इमारतीत असला, की झाली तुमची चिसापानी.

तिसरी आपल्या देशातलीच. ओडिशाने १९९९च्या महावादळात सुमारे दहा हजार माणसं गमावली. २०१३च्या "फायलिन"ला लाखो लोकांना आधीच हलवलं आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. गुजरातचंही तसंच. १९९८च्या वादळात कांडल्याला हजाराहून अधिक गेले, बिपरजॉयच्या वेळी ही संख्या हाताच्या बोटांवर. नंतरची वादळंही दांडगीच होती, पण माणसं आधी हलली होती.

इशारा इंग्रजीत येतो, कधी गुजरातीत. आईला कळत नाही.

खरं आहे. २०२३ मध्ये देशभर मोबाइलवर कर्कश आवाजाच्या इशाऱ्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा माझ्या सासूबाई फोन टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकल्या. आमच्या पिढीच्या बडोदेकरांना गुजराती येतं, पण नाशिक-जळगावकडून नोकरीसाठी नुकते आलेले भाडेकरू, आणि गावाहून आलेले त्यांचे आईवडील, यांची अडचण होते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं "सचेत" ॲप घ्या, त्यात भारतीय भाषा निवडता येतात. विजांसाठी पुण्याच्या संस्थेने केलेलं "दामिनी" आहे.

तरी माझा अनुभव असा की नुसतं भाषांतर पुरत नाही. "नदी धोक्याच्या पातळीवर, सतर्क राहा" हे मराठीत लिहिलं तरी आईने करायचं काय? आम्ही लिहितो: "पाणी ३१ झालं. फाटकाशी येणार. तळमजल्याने मेन स्विच बंद करावा, गॅस बंद करावा, औषधांची पिशवी घेऊन आमच्याकडे वर यावं. चहा ठेवला आहे." यावर माणूस उठतो.

"धरण फुटलं" असे संदेश येतात, त्यांचं काय करावं?

पुढे पाठवू नका. ज्याने पाठवलं त्याला एकच प्रश्न विचारा: "तुला कुणी सांगितलं, कधी?" आमच्या गटात दर संदेशाला वेळ आणि मूळ लिहायची सक्ती आहे. ज्या संदेशावर वेळ लिहिलेली नाही, तो आम्ही काढून टाकतो.

उन्हाळ्याचाही या विषयात समावेश होतो का?

होतो, आणि याकडे आपण फार कमी लक्ष देतो, कारण पूर डोळ्यांना दिसतो, ऊन दिसत नाही. मे २०१०च्या लाटेत अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू नोंदले गेले. त्यातून २०१३ मध्ये शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला. दक्षिण आशियातला तो पहिला. ४१ अंशांच्या पुढे पिवळा इशारा, ४३च्या पुढे नारिंगी, ४५ला लाल. दवाखान्यांना आधी सूचना, बागा जास्त वेळ उघड्या, पाण्याची सोय, झोपड्यांच्या पत्र्यांना पांढरा रंग. पुढे देशातल्या अनेक शहरांनी तो नमुना घेतला. घराघरांत काय करायचं ते आपल्याला माहीत आहे: कैरीचं पन्हं, कोकमाचं सरबत, वाळ्याचं पाणी, दुपारी बारा ते चार बाहेर नाही. पण भाजीवाल्याला, इस्त्रीवाल्या दादांना हे निवडायची मुभा नसते. फाटकाशी माठ आणि सावलीला ताडपत्री, एवढं सोसायटीला परवडतं.

पूर ओसरल्यावर पहिल्यांदा काय?

गाडी सुरू करू नका. इंजिनात पाणी असेल तर ते कायमचं जातं, विम्याची भरपाईही अडते. आधी फोटो काढा. वीज वायरमनला दाखवून मगच सुरू करा. पाणी उकळून प्या. चिखलात अनवाणी नको. ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात होतो" हे आवर्जून सांगा, लेप्टोचा, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, संशय लगेच घेता येतो.

फोन कुणाला?

११२ कशासाठीही. अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. पुराच्या रात्री ओळी व्यस्त असतात. मला एका ठिकाणी चाळीस मिनिटं कुणी उचललं नाही. म्हणून बोट येण्याआधी काय करायचं ते ठरलेलं हवं.

आमच्या इमारतीचा तक्ता करायचा आहे. सुरुवात कशी करू?

एक वही घ्या, दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, आणि ती वरच्या मजल्यावर ठेवा. आमची पहिली वही तळमजल्यावर होती, शाई पसरून गेली. पानावर चार रकाने: तारीख, वेळ, काळ्या घोड्याचे फूट, आपल्याकडे पाणी कुठे. पाणी नसेल तेव्हाही पावसाळ्यात नोंद करा, कारण "२७ला काही झालं नाही" हीसुद्धा माहिती आहे. मागच्या पुराची रेघ भिंतीवर अजून दिसत असेल तर ती पुसायच्या आधी मोजा. आमच्याकडे रंगारी आला तेव्हा मी ब्रश थांबवून टेप लावली होती, पायरीपासून ८४ सेंटीमीटर. आसपासच्या जुन्या माणसांना विचारा. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचा ओटा कमरेइतका उंच का, हे लहानपणी कधी विचारावंसं वाटलं नाही. बांधणाऱ्याला कारण माहीत असणार.

रेघेसाठी ऑइलपेंट घ्या, चुना दोन पावसांत जातो. रंग लाल. रेघेशेजारी वर्ष आणि पुलाचे फूट दोन्ही लिहा, नुसतं वर्ष नको. आणि ती लिफ्टच्या मागे नाही, मुलं सायकली लावतात त्या भिंतीवर काढा. आमच्या इथली सातवीतली मुलगी परवा त्या रेघेला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, माझ्या पोटापर्यंत होतं." तिने वहीत स्वतःच्या अक्षरात तेच लिहिलं आहे.